एक डीपी, नव्वद घरे

वारणेच्या खोऱ्यातली एक वाडी. शिराळा तालुक्यातलीच. तिथे समाजमंदिरात आमचा प्रौढांचा वर्ग भरतो. श्रावण होता. बाहेर पावसाची झड लागली होती. वीस-बावीस माणसे पाटी-पुस्तक घेऊन बसली होती.

सात वाजून गेले आणि पंखा रेंगाळू लागला. मग डोक्यावरचा बल्ब लालसर झाला. फळ्यावरची अक्षरे दिसेनात. "होल्टेज पडलं," एक दादा म्हणाले. आम्ही म्हटले, येईल आत्ता. पण तसे झाले नाही. थोड्या वेळाने डीपीच्या बाजूने मोठा आवाज झाला आणि सगळी वाडी अंधारात बुडाली.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. शिराळ्याकडची नागपंचमी म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. घरोघर माहेरवाशिणी आलेल्या. पुरणाची डाळ शिजत घातलेली. अशा ऐन सणात डीपी जळाला. नवा बसेपर्यंत चार दिवस गेले. पाण्याच्या टाकीची मोटर बंद, म्हणून नळ बंद. गिरण बंद, म्हणून दळण बंद. बायकांनी ओल्या लाकडांवर फुंकून फुंकून दिंड उकडले, तेही मोबाइलच्या उजेडात. पुढे मोबाइलही उतरले.

चार दिवस वाडीत एकच चर्चा. कोणी म्हणे, डीपीच हलका होता. कोणी म्हणे, रानातल्या मोटरींनी घात केला. एक आजी म्हणाल्या, "आमच्या घरात दोन बल. आमच्या दोन बलांनी काय हुतंय?"

आजींचा प्रश्न खरा आहे. आम्ही म्हटले, आजी, पुढच्या वर्गात हिशेबच मांडू. तोच हिशेब इथे दिला आहे. वहीत आकडे लिहीत वाचलात तर जास्त कळेल.

विजेच्या प्रत्येक वस्तूला भूक असते. कोणाची थोडी, कोणाची फार. ती भूक वॉटमध्ये मोजतात. बल्बच्या काचेवर किंवा खोक्यावर आकडा छापलेला असतो: ६० वॉट, ९ वॉट. हजार वॉटची वस्तू एक तास चालली की मीटरवर एक युनिट पडते.

जुना पिवळा बल्ब ६० वॉटचा. त्याच्या आत एक बारीक तार असते. ती तापून लाल-पिवळी होते, तेव्हा उजेड पडतो. पण तो बल्ब खातो त्यातले शंभरातले नव्वदाहून जास्त भाग उष्णतेत जातात. उजेडासाठी आणलेली वस्तू खरे तर शेगडीच आहे म्हणा ना! पेटलेल्या बल्बला हात लावून कोणाचा हात भाजला नाही? आता जो पांढरा एलईडी दिवा मिळतो, त्यात तापणारी तार नसते. तो ९ वॉटमध्ये तेवढाच उजेड देतो.

एका घरात तीन जुने बल्ब रोज पाच तास जळतात असे समजा. महिन्याला २७ युनिट झाले. त्याच जागी तीन एलईडी लावले तर चार युनिट. उजेड तोच, आणि २३ युनिट वाचले. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, त्यापुढच्या युनिटांचा चढा. म्हणून ज्याचे बिल शंभराच्या आसपास घोटाळते, त्याला हे २३ युनिट फार मोलाचे. २०१५ साली सरकारने 'उजाला' योजना काढली आणि देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी दिवे वाटले गेले. एकदम एवढे दिवे घेतल्यामुळे त्यांची किंमतही पुष्कळ उतरली. तरीही गोठ्यात, न्हाणीत, परसात अजून जुना बल्ब लोंबकळताना आम्हाला दिसतो. "चालतोय तोवर चालू दे," म्हणतात. त्याचे खाणे मात्र दिसत नाही.

हे झाले एका घराच्या पैशाचे. आता डीपीकडे वळू.

गावातला डीपी म्हणजे रोहित्र. मोठ्या तारांतून ११ हजार व्होल्टची वीज येते. ती घरात आणली तर घर जळेल. डीपी तिला उतरवून २३० व्होल्टवर आणतो आणि घराघरांत वाटतो. पाण्याच्या टाकीची गोष्ट आठवा. एका टाकीवर नव्वद नळ आहेत. दोन-चार सुटले तर पाणी जोरात येते. नव्वद एकदम सुटले तर टोकाच्या घरी नुसती करंगळीएवढी धार. होल्टेज म्हणजे विजेचा तो जोर. सगळ्यांनी एकदम ओढले की तो पडतो, आणि सगळ्यांत आधी टोकाच्या घराला कळतो. जोर पडला की फ्रिजचे आणि पंपाचे यंत्र घरघरते, जास्त धारा ओढते, तापते आणि कधी जळून जाते. म्हणजे शेजाऱ्याच्या घरातल्या ओढीने आपला फ्रिज जळू शकतो. आपल्या ओढीने शेजाऱ्याचाही.

इथवर टाकीचा दाखला चालतो. पुढे नाही चालत. टाकीचे पाणी संपले तर टाकी फुटत नाही. डीपीचे तसे नाही. त्याच्या पोटात तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तारांची वेटोळी तेलात बुडवलेली असतात. जास्त धारा वाहिली की वेटोळी तापतात. आणि इथे एक वाईट हिशेब आहे. धारा दुप्पट झाली की तापणे दुप्पट नव्हे, चौपट होते. ओझे थोडे वाढले तरी ताप फार वाढतो. तासन् तास तसेच चालले की तारांवरचे वेष्टण करपते आणि एक दिवस आवाज होतो.

त्या वाडीचा डीपी ६३ केव्हीएचा होता. त्याच्या तीन फेज. एका फेजवर साधारण तीस घरे. एका फेजला जास्तीत जास्त २१ हजार वॉटचे ओझे झेपते असे धरा. आता एका घरात तीन जुने बल्ब, म्हणजे १८० वॉट. दोन जुने पंखे, प्रत्येकी ७५, म्हणजे १५०. एक टीव्ही १०० वॉट. बेरीज ४३०. तीस घरांचे १२,९०० वॉट. बरे, इथवर ठीक आहे. डीपीला झेपते.

पण त्या संध्याकाळी काय झाले होते? आपल्या पश्चिम भागात पाऊस असा, की श्रावणात लाकूड वाळत नाही. सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा. म्हणून कित्येकांनी विजेच्या शेगड्या घेतलेल्या. एक शेगडी २,००० वॉटची. सणाची घाई. एका फेजवर दहा घरांत सात वाजता शेगडीवर पुरण चढले. दहा शेगड्यांचे २० हजार वॉट. आधीचे १२,९०० मिळवा. झाले ३२,९००. बैल जोडीला झेपेल त्याच्या दीडपट ओझे गाडीत भरले आणि घाट चढायला लावला, तसे झाले.

आम्ही फळ्यावर ही बेरीज केली तेव्हा वर्गात कोणी बोलेना. मग एक काकू हसत म्हणाल्या, "म्हंजे पुरणानंच डीपी खाल्ला म्हना की!"

आता दुसरी बेरीज करू. सगळ्या घरांत एलईडी लावले. तीन दिव्यांचे २७ वॉट. पंखे बदलले. नव्या जातीचे पंखे येतात, बहुतेक रिमोटवर चालतात, ते सुमारे ३० वॉट घेतात. दोन पंख्यांचे ६०. टीव्ही तोच, १००. बेरीज १८७. तीस घरांचे ५,६१० वॉट. कुठे १२,९०० आणि कुठे ५,६१०! पण थांबा. यात दहा शेगड्या मिळवा. २५,६१० झाले. म्हणजे डीपीला अजूनही जड. नुसते दिवे-पंखे बदलून भागत नाही, हे आम्ही लपवणार नाही. मात्र त्या दहा शेगड्यांपैकी पाच जणींनी डाळ दुपारीच शिजवली असती, तर सातच्या सुमाराला १५,६१० वॉट झाले असते. डीपी हसत हसत सोसता.

एकाने दोन दिवे बदलले तर डीपीला कळतही नाही. तीस घरांनी बदलले तर सात हजार वॉटची जागा मोकळी होते. आजी, तुमच्या दोन बलांचे एवढेच आहे. ते एकटे नाहीत, ते तीस घरांच्या पंगतीत बसलेले आहेत.

राहिला एक मुद्दा, तो पुरुष मंडळींनी ऐकावा. डीपीच्या पेटीत फ्यूज असतो. ओझे जास्त झाले की त्याची बारीक तार वितळते आणि वीज बंद पडते. ती मुद्दामच बारीक ठेवलेली असते. फ्यूज हा डीपीचा राखणदार. आपल्याकडे काय होते? फ्यूज दोनदा उडाला की कोणीतरी शहाणा जाऊन त्यात जाड तार ओढतो. "आता उडत न्हाय बघ!" खरेच उडत नाही. राखणदाराचे हातपाय बांधल्यावर तो ओरडणार कसा? मग तार वितळण्याऐवजी डीपी जळतो. शिवाय पेटीत हात घालताना माणसे मरतात. ते काम वायरमनचे आहे, आपले नाही.

हे सगळे डीपीच्या अलीकडचे. पलीकडे काय आहे? वीज येते कुठून?

थोडी आपल्या दारातच होते. चांदोलीच्या धरणाच्या पायथ्याला १६ मेगावॉटचे वीजघर आहे. ते पुरते चालले तर तासाला १६ हजार युनिट होतात. आपल्या उत्तरेला, पाटण तालुक्यात कोयना. तिथली पहिली वीज १९६२ साली सुरू झाली. आज तिची सगळी वीजघरे मिळून १,९६० मेगावॉटची ताकद आहे. आणि बरीच वीज येते लांबून, कोळसा जाळून. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे. तिथून शिराळ्यापर्यंत तारा ओढत आणायच्या, आणि वाटेत थोडी वीज तारा तापवण्यात मुरते.

विजेची एक खोड आहे. ज्वारी कणगीत भरून ठेवता येते, वीज तशी भरून ठेवता येत नाही. बॅटऱ्यांत साठवतात, पण सगळ्या राज्याला पुरेल एवढी साठवणे अजून जमलेले नाही. ज्या क्षणी लागते, त्याच क्षणी तयार करावी लागते. संध्याकाळी सगळा महाराष्ट्र एकदम दिवे लावतो. मावळल्यावर सूर्याची वीजही मिळत नाही. कोळशाची भट्टी अशी चटकन वाढवता येत नाही. अशा वेळी कोयना कामाला येते. पाणी सोडले की काही मिनिटांत वीज वाढते. म्हणून कोयनेचे पाणी संध्याकाळसाठी राखून वापरावे लागते.

कोयनेला एक युनिट वीज करायला साधारण हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. त्या वाडीतल्या नव्वद घरांनी दिवे-पंखे बदलले, तर संध्याकाळच्या एका तासात सुमारे २२ युनिट वाचतात. ती वीज कोयनेची असेल तर सुमारे २० हजार लिटर पाणी धरणात राहिले. दोन मोठे टँकर, एका वाडीचे, एका तासाचे. आणि हे पाणी साधे नव्हे. कोयनेच्या मोठ्या वीजघरांतून गेलेले पाणी सह्याद्रीच्या पलीकडे उतरते, वाशिष्ठी नदीतून कोकणात जाते आणि समुद्राला मिळते. ते परत येत नाही. म्हणून लवादाने त्यावर वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. पूर्वेला सोडलेले पाणी मात्र कृष्णेत येते, आणि कृष्णेवरून टेंभू-ताकारीच्या योजना ते उचलून आपल्याच जिल्ह्यातल्या कोरड्या रानांना देतात. धरण १०५ टीएमसीचे. पाऊस कमी झालेल्या वर्षी वीज की पिके, अशी ओढाताण होते. शिराळ्यातल्या न्हाणीत विनाकारण जळणारा बल्ब आणि आटपाडीकडचे तहानलेले डाळिंब, यांचा असा सांधा आहे. ओळखू येत नाही, पण आहे.

जेव्हा लागणारी वीज जास्त आणि तयार होणारी कमी असते, तेव्हा दोनच वाटा राहतात. कोणाची तरी वीज बंद करायची, नाहीतर सगळेच कोसळू द्यायचे. कोसळणे कसे असते ते उत्तर भारताने पाहिले. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला तिकडचे वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी तर साठ कोटींच्या वर लोकांची वीज गेली. रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या. आपले पश्चिमेचे जाळे त्यातून वाचले.

वीज बंद करणे म्हणजे भारनियमन. ते तर आपण भोगले आहे. २००५ च्या पुढची काही वर्षे आठवा. खेड्यांत दिवसाचे कित्येक तास लाईट नसायची. पोरांनी दहावीचा अभ्यास चिमणीवर केला. त्याच काळात महावितरणने 'अक्षय प्रकाश योजना' आणली. ती सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात नवे यंत्र नव्हते, शब्द होता. गावाने एकत्र बसून ठरवायचे: संध्याकाळच्या वेळी शेतपंप चालवणार नाही, गिरण चालवणार नाही, तारांवर आकडे टाकणार नाही आणि टाकलेले काढून घेऊ. घरात दिवे, पंखे, टीव्ही एवढेच. गावाने ओझे असे हलके ठेवले की त्याबदल्यात संध्याकाळी गावाचे दिवे बंद करायचे नाहीत. ज्या गावांना हे जमले त्यांची संध्याकाळ उजेडात गेली. हे सोपे मात्र नव्हते. ऊस वाळत असताना मोटर बंद ठेवायची म्हणजे पोटाला चिमटा. आणि एकाने गुपचूप मोटर सुरू केली की सगळ्या गावाचा शब्द मोडायचा. पुढे गावठाणाची लाईन आणि शेतीची लाईन वेगळी करण्याचे काम झाले, त्यामुळे हे भांडण पुष्कळ कमी झाले.

त्यानंतर भारनियमनाचे तास ठरवतानाही एक गोष्ट पाहत. कोणत्या लाईनवर वीज जास्त गळते, जास्त चोरली जाते आणि बिल कमी भरले जाते? तिथे जास्त तास अंधार. म्हणजे आकडे टाकणाऱ्यामुळे बिल भरणाऱ्या शेजाऱ्यालाही अंधारात बसावे लागे. आकडेबहाद्दर आपल्याच आळीत राहत होता, पण त्याला बोलायचे कोणी?

घरातली काटकसर केली की लाईट कधीच जाणार नाही, असे मात्र समजू नका. वाऱ्याने झाड तारेवर पडले तर एलईडी काय करणार? ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात खांब, रोहित्रे पाण्यात गेली. तिथे कोणाची काटकसर उपयोगी पडली नाही. जुनाट तारा, वाकलेले खांब ज्यांनी बदलायचे त्यांनीच बदलले पाहिजेत, आणि त्यासाठी अर्ज करण्याचा तुमचा हक्क आहे. लिहायला शिकलात ते कशासाठी? पण पाऊस नसताना, वारा नसताना, रोज सात वाजता जे होल्टेज पडते आणि सणाला जो डीपी जळतो, ते बरेचसे आपल्याच हातात आहे.

आणखी एक आम्ही पाहतो. दिवा स्वस्त झाला, बिल कमी आले, म्हणून लोक तो रात्रभर जळत ठेवतात. पडवीत एक, गोठ्यात एक, तुळशीपुढे एक. गावाच्या रस्त्यावरचे दिवे तर कधी कधी भर दुपारी जळतात, आणि त्याचे बिल ग्रामपंचायत तुमच्याच घरपट्टीतून भरते.

त्या वाडीने काय केले, ते सांगून थांबतो. नवा डीपी बसल्यावर समाजमंदिरात बैठक झाली. बायका जास्त होत्या. पाणी तापवायच्या रॉडवरून बराच वाद झाला. रॉड १,५०० वॉटचा. ९ वॉटचे दीडशेवर दिवे एकदम लावल्यासारखा. थंडीत पहाटे सगळ्यांचे रॉड एकदम लागतात. शेवटी ज्यांच्याकडे तांब्याचा बंब आहे त्यांनी उन्हाळ्यात लाकूड वाळवून ठेवायचे आणि बंबच पेटवायचा, असे ठरले. शेगडी संध्याकाळी सात ते नऊ लावायची नाही. डाळ आधी भिजवायची, कुकरला लावायची. इस्त्री दुपारी. नवा फ्रिज किंवा पंखा घेताना त्यावरचे तारे मोजायचे. जास्त तारे, कमी वीज. फ्रिजवर ताऱ्यांच्या खाली वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो, तो दुकानात वाचायचा. दुकानदार काय सांगतो ते नंतर.

दोन घरांनी हे मानले नाही. अजूनही मानत नाहीत. त्यांच्या शेगड्या सात वाजता पेटतात आणि त्यावरून नळावर बोलणी होतात. पण वर्गाचा पंखा आता रेंगाळत नाही.

मागच्या महिन्यात त्याच आजी वर्गात बिल घेऊन आल्या. नातवाला न विचारता त्यांनी चष्मा पुसला, 'वापरलेले युनिट' हा रकाना बोटाने शोधला आणि मोठ्याने आकडा वाचला. मग त्याखालचा मागच्या महिन्याचा वाचला. वजाबाकी करायला पाटी मागितली. हातचा घ्यायला विसरल्या, म्हणून पुन्हा केली.